तीन तळहात कमी

—नाही गं, माझा नवस तसा नव्हता. “देवा, मला बारीक कर” असं मी कधीच म्हटलं नाही, देवाला तेवढंच काम आहे का? मी म्हटलं होतं, “देवा, माझ्या अंगावर हे जे जास्तीचं आहे ना, ते उतरव. उतरेल त्यातलं चिमूटभरही मी वाया जाऊ देणार नाही, सगळं तुझ्या कामी लावीन.” शब्दन् शब्द आठवतोय मला, कारण सगळा घोटाळा त्या शब्दांनीच केला — नवस बोलताना माणसाने जरा मोघम बोलावं, एखादी खिडकी उघडी ठेवावी, मी आपलं शिंप्याला माप सांगावं तसं अगदी नेमकं सांगून बसले. आता अकरा वाजता मला आत नेणार. त्याआधी सोय झाली तर नवस फिटला, नाहीतर तो जाणार पिवळ्या पिशवीत. सांगते, पिवळी पिशवी म्हणजे काय तेही सांगते. तुला तू म्हटलं तर चालेल ना? माझ्या सुनेच्या वयाची दिसतेस, आणि मागून उघडा असलेला हा एकसारखा झगा घालून दोघी समोरासमोर पडलोय म्हटल्यावर अहो-जाहो कसलं करायचं!

पाणी मागू नकोस, देणार नाहीत. घसा कोरडा पडतो, माहितीये मला. काल त्या कागद भरणाऱ्या सिस्टरने मला विचारलं, “काकू, सकाळपासून उपाशी राहायला जमेल ना?” — मला! मी सांगायला लागले, सोमवारचा, पौर्णिमेचा, मुलाच्या परीक्षेचा धरला होता तो परीक्षा संपली तरी सुटलेला नाही, ह्यांच्या गुडघ्याचा एक — तिने मध्येच लिहायचं थांबवलं आणि नुसतं ‘सवय आहे’ असं लिहून टाकलं. तर सवय आहे मला. बोलत राहिलं की तहान कळत नाही, म्हणून बोलतेय. तुला त्रास होत असेल तर सांग हं. नाही ना? मग ठीक.

तर नवस का बोलले ते ऐक. दवाखान्यातला वजनाचा काटा एकशे वीसपर्यंतच होता. मी चढले की तो बिचारा लुकलुकायचा आणि गप्प बसायचा. डॉक्टर म्हणाले, नक्की वजन कळल्याशिवाय औषधाचं प्रमाण कसं ठरवू? आता आमचे हे मालाच्या गोदामात कारकून. तिथे जमिनीत बसवलेला मोठा काटा आहे, खोकी, पिंपं, यंत्रं, सगळं त्याच्यावर ढकलतात. ह्यांनी सुट्टीच्या दिवशी मला नेलं, तिथे पहारेकऱ्याशिवाय कोणी नव्हतं. मी चपला काढून उभी राहिले, हात जोडून — म्हणजे सवयीने जोडले गेले, समोर देव नव्हता, समोर दोन कपाटं बांधून ठेवलेली होती. आणि ते यंत्र आपलं आपणच चिठ्ठी छापतं गं! ह्यांनाही बंद करता येईना. चिठ्ठी बाहेर आली, त्यावर — माल, किरकोळ. वजन, एकशे एकतीस. नाजूक, नाही. हसलीस ना? हस, मीसुद्धा हसले. हेही हसले, पहारेकरी तर भिंतीला टेकून हसला. घरी आले, कणीक मळायला घेतली, आणि डोळ्यांसमोर तेवढंच — नाजूक, नाही. बाईमाणसाबद्दल यंत्रानेसुद्धा असं परस्पर ठरवू नये. पिठाच्या हातांनीच देवापुढे गेले आणि बोलले ते बोलले.

वजन कसं उतरवलं विचारतेस? सगळे तेच विचारतात, आणि मी सांगितलं की कोणाला पटत नाही. आहार सांगणाऱ्या बाईंनी दोन पानी कागद दिला होता, तो मला आठवडाभरसुद्धा जमला नाही. कागदाला घाबरतं कोण! मग मी काय केलं, त्यातली एकेक ओळ घेतली आणि तिचा नवस केला. साखर सोडली ती देवाला. दुसऱ्यांदा वाढून घेणं सोडलं तेही देवाला. आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो, लिफ्ट देवाला. पहिल्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या पायरीवर बसून मी एवढी रडायचे की तिथल्या आजी पाट घेऊन यायच्या, “बस बाई, आधी नीट बस, मग रड.” आमच्या मोठ्या जाऊबाई, त्या शेजारच्याच इमारतीत राहतात, त्यांचं तोंड कोण धरणार — म्हणाल्या, “अगं, साखर त्याला, तळलेलं त्याला, साय त्याला, अशाने देवालाच मधुमेह होईल!” पण उतरलं की नाही? साडेतीन वर्षांत चौसष्ट किलो. एक अख्खी जाऊबाई उतरली माझ्या अंगावरून, असं हे म्हणतात — त्यांच्यासमोर नाही म्हणत.

आता मला काळजी लागली ती वेगळीच. घरातून चमचा गेला तरी मी शोधणारी बाई, आणि चौसष्ट किलो गेले कुठे? नवस तर बोलले होते, काही वाया जाऊ देणार नाही म्हणून! डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, “काकू, चरबी जळते आणि बरीचशी श्वासातून बाहेर पडते.” मी म्हटलं, श्वासातून? ते म्हणाले, हो, शास्त्रच आहे तसं. मला एवढं हायसं वाटलं! कारण मी चालताना, जिना चढताना, प्रत्येक श्वासाला देवाचं नाव घेत होते. म्हणजे चौसष्टच्या चौसष्ट किलो नामस्मरणात गेले, एक ग्रॅम इकडे तिकडे नाही. त्या दिवशी मी देवापुढे ताठ मानेने बसले.

पण पुढे कळलं की माल गेला आणि पिशवी राहिली. तुला काय सांगायचं, तू तर त्यातूनच आलीयेस. लोकांना वाटतं, बारीक झाली, आता मजा. अगं, घरी चाळीस पाहुणे येऊन गेले आणि गाद्या मात्र तशाच पसरलेल्या, अशी गत. मी कुशीवर वळते, मग थोड्या वेळाने माझं पोट वळतं. जिना उतरते तेव्हा मी आधी पोहोचते, ते मागाहून येतं. झपाझप चालले की टाळ्या वाजतात — खरंच वाजतात, एकदा बागेत हे पुढे चालले होते, मागे वळून म्हणाले, “कोण गं कौतुक करतंय तुझं?” आणि उन्हाळ्यात त्या घडीखाली पुरळ, खाज, चिघळणं. मऊ रुमाल घालून ठेवायचे दोन-दोन. एकदा भाजीच्या दुकानात एक घसरून खाली पडला. दुकानदाराने उचलला, झटकला, “काकू, तुमचा का?” मी म्हटलं, नाही बाई, आणि तो बिचारा दुकानभर सगळ्यांना विचारत फिरला.

तर एवढ्यासाठीच ही शस्त्रक्रिया, पुरळासाठी. दिसण्याबिसण्यासाठी नाही हं, या वयात मला कोणाला दाखवायचंय! जाऊबाईंना तर मी हर्निया सांगितलाय. अर्धं खरंच आहे, पोटाचंच ऑपरेशन ना. कातडीचं म्हटलं असतं तर त्यांनी सगळ्या नातेवाइकांत दवंडी पिटली असती — “हिला आता नटी व्हायचंय.” मला कशाला नटी व्हायचंय? एक ड्रेस तेवढा घेऊन ठेवलाय. निळा. कमरेला पट्टा आहे त्याला. कपाटात मागे, गोधडीच्या घडीत ठेवलाय... हे मी तुला का सांगितलं? जाऊ दे. पट्टा असलेलं मी आजवर कधी घातलंच नाही गं काही. पट्टा कुठे बांधायचा तेच कळायचं नाही.

डॉक्टर चांगले आहेत आपले. हे त्यांना शिंपी म्हणतात. पहिल्या तपासणीला त्यांनी माझं पोट चिमटीत धरलं, वर ओढलं, खाली ओढलं, मागे सरकून एक डोळा मिटून पाहिलं — मला वाटलं, आता विचारतील, “काकू, आत थोडी शिलाई सोडू का, पुढेमागे लागली तर?” सगळं समजावून सांगितलं, या कडेपासून त्या कडेपर्यंत छेद, नळ्या, सहा आठवडे घट्ट पट्टा. मी हो हो म्हटलं आणि पिशवीतून डबा काढला. घट्ट झाकणाचा, मोठा, आम्ही वर्षाचं तिखट ठेवतो त्यातला. धुऊन पुसून नेला होता. डॉक्टर म्हणाले, हे काय? मी म्हटलं, “काढाल ते यात भरून द्या. मी घरी नेईन.” ते म्हणाले, “काकू, चार किलो कातडी घरी नेऊन करणार काय?” आता खरं सांगायचं तर ते मी ठरवलं नव्हतं. गॅलरीतल्या मोठ्या कुंडीत पुरावं, वर एखादं झाड लावावं, त्याची फुलं देवाला वाहावीत, असं काहीसं डोक्यात होतं. हे कपाळाला हात लावून म्हणाले, “म्हणजे मी रोज सकाळी उठून तुझ्या पोटाला पाणी घालायचं?” डॉक्टरांनी मात्र हसून घेतलं आणि नाही म्हणून सांगितलं. शरीरातून काढलेलं घरी द्यायचं नसतं, इथला नियम आहे. ते पिवळ्या पिशवीत जातं, मग भट्टीत. मी म्हटलं, मग राहू द्या. डबा उचलला आणि घरी आले. दुसऱ्यांदा तारीख मिळाली, तेव्हाही तेच, दारापर्यंत आले आणि परत गेले. देवाला शब्द दिलेला, आणि भरायचं कचऱ्यात?

हट्टी नाही गं मी. घरात कोणालाही विचार, हिच्याइतकी वाकणारी बाई नाही म्हणतील. पण एक सांगू? आयुष्यभर मी देवाकडे मागतच आले. मुलगा पास होऊ दे, ह्यांची नोकरी टिकू दे, गुडघा बरा होऊ दे, जाऊबाईंचं मन वळू दे — ते एक अजून बाकी आहे. माझं म्हणून देण्यासारखं माझ्याकडे होतं काय? घर ह्यांचं, पगार ह्यांचा, स्वयंपाक केला तो खाऊन संपला. हे एक अंगावरचं, हे तेवढं माझं. तेही जास्तीचं झालेलं. पहिल्यांदाच जरा ऐसपैस द्यायला मिळत होतं, तर म्हणे भट्टी.

तिसऱ्यांदा आले ती डॉक्टरांकडे गेलेच नाही. म्हटलं, बघू तरी ती पिवळी पिशवी जाते कुठे. एक गाडी ढकलत नेणारे गृहस्थ दिसले, पांढऱ्या मिशा, हातात कोपरापर्यंत मोजे. त्यांच्या मागोमाग तळघरात उतरले. त्यांनी वळून पाहिलं आणि म्हणाले, “बाई, इथे यायला परवानगी नाही.” मी म्हटलं, “मामा, मी काही हात लावत नाही. माझं पुढच्या महिन्यात इथेच यायचंय, जागा बघून जाते.” ते एवढे घाबरले! त्यांना वाटलं, मी अख्खीच येणार म्हणतेय. मग समजावून सांगितलं. झाकणं लावलेली पिंपं, दाराला कुलूप, फरशी मात्र स्वच्छ, माझ्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ. मी विचारलं, “आत टाकताना कोणी काही म्हणतं का? चार शब्द?” ते म्हणाले, “शब्द नाही बाई, नंबर चिकटवतो.” माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. ते मिशी चोळत म्हणाले, “एवढी जपायचीय तर सहाव्या मजल्यावर द्या की. कातडीची बँक आहे तिथे. भाजलेल्या माणसांना लावतात. मेलेल्यांची मिळते थोडीफार, पण पुरत नाही. आणि इथे तुमच्यासारख्यांची मी रोज भट्टीला पाठवतो. मला कोण विचारतंय!” बघ, डॉक्टरांना सुचलं नाही, मला सुचलं नाही, सुचलं ते गाडी ढकलणाऱ्याला.

सहा मजले मी जिन्याने चढले. लिफ्ट देवाला दिलेली, म्हटलं ना.

तिथे एक बाई बसते, पांढरा डगला, केस एकदम आखूड, बोलणं तोडून टाकल्यासारखं पण मनाची फार चांगली. तिने सगळं सांगितलं. माणूस खूप भाजला की त्याची स्वतःची कातडी लावायला उरतच नाही. मग दुसऱ्याची वरून घालतात. ती तीन आठवडे चिकटून राहते, वेदना कमी करते, अंगातलं पाणी जाऊ देत नाही, जंतू आत येऊ देत नाही, आणि खालून स्वतःची तयार व्हायला लागली की ही आपणहून सुटून पडते. मी म्हटलं, म्हणजे उसनी चादर. ती म्हणाली, हो, पण परत न करायची. रक्तगट जुळवायला लागत नाही, बाईची पुरुषाला चालते, म्हातारीची तरुणाला चालते. आणि आजची आज लावत नाहीत, तपासतात, औषधात बुडवून थंड कपाटात ठेवतात, कोणाला लागेल ते कोणालाच माहीत नसतं. मला तर तेच आवडलं, उपकाराचं ओझंच नाही कोणावर. घरी येऊन ह्यांना म्हटलं, “अहो, तीन आठवडे कोणाच्या तरी पाठीवर माझं पोट असेल!” एक मुलगा सोडला तर माझ्या पोटाची आजवर कोणाला गरज पडली नव्हती. हे चष्मा पुसत बसले, आणि मग म्हणाले, “तुझ्या पोटावर डोकं ठेवून झोप फार छान लागायची.” हात मेल्या! एवढ्या वर्षांत कधी बोलले नाहीत, आणि आता काढून टाकायची वेळ आली तेव्हा... इश्श, तुझ्यासमोर मी काय बोलतेय. ऐकलं नाहीस असं समज.

तर सगळं जमलं होतं. डॉक्टर हो म्हणाले, कागद झाले, रक्त तपासलं, नवस फिटल्यातच जमा होता. आणि काल दुपारी ती आखूड केसांची बाई माप घ्यायला आली. चौकटी आखलेला पारदर्शक कागद पोटावर पसरला आणि एकेक चौकट मोजत गेली. खालचा पट्टा नाही घेता येणार म्हणाली, पुरळाने खराब झालाय. एवढे रुमाल घातले, पण शेवटी दगाच दिला. उरल्या अकराशे चौकटी. आणि इथला नियम काय, तर पंधराशेच्या खाली असेल तर त्यांची माणसं ते सोलायचं यंत्र घेऊन खाली येत नाहीत, तेवढ्यासाठी तयारी परवडत नाही. चारशे कमी! मी विचारलं, चारशे म्हणजे किती? तिने स्वतःचा हात पसरून दाखवला, बोटांसकट, असे तीन. तीन तळहात कमी गं. साडेतीन वर्षं, चौसष्ट किलो, पाच मजले, आणि तीन तळहातांनी अडलं. हे शेजारी उभे होते, एकदम सदरा वर करून म्हणाले, “माझी घ्या.” तिने चिमटीत धरून पाहिली, चिमटीत काही येईना. म्हणाली, “काका, तुमची तुम्हालाच जेमतेम पुरतेय.”

मग जाताजाता ती म्हणाली — एक गोष्ट म्हणाली. त्याच दिवशी, त्याच टेबलावर आणखी कोणी देणार असेल तर दोघांची मिळून मोजता येते. नऊ वाजता ती फोन करून विचारणार आहे, टीम पाठवायची की नाही.

आता साडेआठ वाजून गेले.

फळ्यावर आजची यादी लावलीय बाहेर. अकरा वाजता माझं पोट, एक वाजता तुझे दंड. हो, वाचली मी. दुसऱ्याचं वाचू नये, पण अक्षर मोठं होतं. आणि हे बघ, आता खोटं कशाला बोलू — मला काल खिडकीजवळची खोली मिळाली होती, एकटीला. मीच सिस्टरला म्हटलं, मला एकटीला करमत नाही, त्या एक वाजताच्या मुलीच्या खोलीत टाका. योगायोग नाहीये हा. रागावलीस? रागव. मला जाऊबाई म्हणतातच, हिचं गोड बोलणं ऐकून माणूस घराची किल्ली देऊन बसतो. पण सकाळपासून मी तोंडाला कुलूप लावून होते ना? तूच विचारलंस, काकू तुम्ही सारखं पुटपुटताय ते काय, नवसाचं का? — तेव्हा कुठे सुटले मी.

तुझ्या उशाशी दोन कागद आहेत. वरच्यावर तू सही केलीस, मी पाहिलं. खालचा तसाच आहे, निळ्या कडेचा, कातडी द्यायचा. मी आग्रह नाही हं करत. आग्रह करून घेतलेलं दान देवाला चालत नाही, आणि त्या आखूड केसांच्या बाईलाही चालत नाही. तिने मला दम दिलाय, “कोणाच्या मागे लागायचं नाही.” मी कुठे मागे लागलेय? मी पलंगावर पडलेय.

काय म्हणालीस? मोठ्याने बोल जरा... घाणेरडी?

कोण म्हणालं तुला असं? ...वर्गातली मुलं? अगं, मुलं काय, पोरंच ती. फळ्यावर तू वर लिहितेस आणि दंडाखालचं खाली हलतं, त्यांना वाटलं असेल बाई दोन हातांनी लिहितात. म्हणून का तू भर उन्हाळ्यात लांब बाह्या घालतेस? आणि आता इथे माझ्यासमोरही ती चादर हनुवटीपर्यंत ओढून पडलीयेस, मघापासून बघतेय, पंखा नाही काही नाही, घामाने डबडबलीस. रेघा आहेत म्हणतेस. माझ्याकडे बघ, हे बघ, जाळं आहे नुसतं. ती बाई म्हणाली, रेघा चालतात, रंग चालतो, लोंबतेय तेही चालतं, ताणूनच लावायची असते. लग्नाला स्थळ बघायला आलेत का ते लोक, की रंग उजळ हवा आणि डाग नको! जो भाजलाय त्याला एवढंच कळतं की वारा लागला की आग होत होती, ती थांबली.

तुझी किती वर्षं गेली? ...चार. कोणी टाळ्या वाजवल्या? नाही ना. आणि एवढं करूनही आरशात बघितलं की आपणच म्हणतो, शी. मीही म्हणायचे. पण ही जर तेवढी वाईट असती, तर सहाव्या मजल्यावरचे लोक चौकटी मोजत बसले असते का?

थांब, सिस्टरच्या चपला वाजतायत. माझ्यावर खुणा करायला येतेय ती, जांभळ्या पेनाने. म्हणजे वेळ थोडाच आहे. हे बघ, तू नाही म्हणालीस तरी मी तुझ्यावर रुसणार नाही. देव काही दारात वसुलीला उभा राहत नाही, ते मला माहीत आहे. मी त्याला सांगेन, माझ्याने एवढंच झालं, तीन तळहात राहिले, सांभाळून घे. रडणार थोडी, ते मात्र मी तुझ्यापासून लपवू शकणार नाही, या गाऊनला खिसा नाही नि हातात रुमाल नाही. पण फक्त वाईट वाटतंय म्हणून सही करू नकोस. मी नव्हती केली तशी. मी काय केलं सांगते. दार लावलं, झगा बाजूला केला, आणि साडेतीन वर्षांत पहिल्यांदा पोटावर असा सपाट हात ठेवला, पुसायला नाही, आत कोंबायला नाही, नुसता ठेवला. गरम होतं गं. म्हटलं, बाई, फार राबलीस, आता दुसऱ्या घरी जा, तिथे तुझी गरज आहे. आणि मग पेन उचललं.

—आले, सिस्टर, आले, एकच मिनिट. नाही, काही राहिलं नाही माझं. तुम्ही ते दार जरा लोटून घ्या, हिला दोन मिनिटं एकटं राहू द्या.

मी जाते गं. वळून बघत नाही, शपथ. पेन तुझ्या उशीखाली सरकलंय, डाव्या बाजूला. ती चादर आधी काढ. दंडावर हात ठेव, असा, सपाट. आणि मग तुला वाटलं, तर तूही कर.